पोट नको, पाठ बघा

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच कळत नाही आणि अक्षर तर चिखलातून कोंबडी पळाल्यासारखं. शेणात, पिठात, मातीत माझी बोटं कधी अडली नाहीत. पेन धरलं की अडतात. पण सरांबद्दल सांगावंसं फार वाटतं, आणि चारचौघांत तोंड उघडायची मला लाज. म्हणून लिहिते. चुकलेलं ज्याचं त्यानं सुधारून वाचावं.

सर म्हणजे नागपूरकडचे गुरांचे डॉक्टर. साठी गाठलेले, लग्न न केलेले. अमेरिकेत, आयोवात, विद्यापीठात जनावरांच्या चाऱ्याचा विषय शिकवायचे आणि गावाबाहेर शेत घेऊन स्वतःच्या तीस-चाळीस गाई पाळायचे. दुधाच्या नव्हेत, मांसाच्या. काळ्याभोर, बिनशिंगाच्या. आमचे हे त्याच विद्यापीठात मातीवर पीएचडी करत होते. नव्वदनंतरची ती चार वर्षं आम्ही सरांच्या शेतावरच्या लहान घरात भाड्यानं राहिलो.

सर गोठ्यात टाय बांधून जायचे. अंगात मळका डगला, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि गळ्यात निळा टाय. एकदा ह्यांनी विचारलं, "सर, शेणात टाय कशाला?"

"वर्गात बांधतो ना? तिथली पोरं तर झोपलेली असतात. ह्या निदान जाग्या असतात."

गाईंशी ते मराठीतच बोलायचे. "सरक गं." "थांब की, मेली नाहीस भुकेनं." शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यानं त्यांच्याकडून दोन गाई विकत नेल्या, तर आठ दिवसांनी तो परत आला. म्हणाला, ह्या माझं काही ऐकत नाहीत. सरांनी त्याला एका पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरांत चार शब्द लिहून दिले. तो माणूस मग वर्षभर आमच्या कुंपणापलीकडून "चल गं बाई, चल गं बाई" ओरडायचा. मला घरात बसून हसू आवरायचं नाही.

सरांचं एक वाक्य ठरलेलं. "पोट नको, पाठ बघा." गाभण जनावराचं पोट फसवतं, म्हणायचे. पोटात वासरू असतं, पाणी असतं, वाळका चारा असतो. थंडीत अंगावर केस वाढतात, तेही फसवतात. खरं काय ते पाठीवर हात ठेवला की कळतं, आणि त्याला ते एक ते नऊ असा आकडा द्यायचे, एक म्हणजे नुसती हाडं, नऊ म्हणजे नुसती चरबी. हे ते माणसांनाही लावायचे. देशातून कुणी नवा विद्यार्थी आला की त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, "चार. रोज दोन अंडी खा. थंडीच्या आधी पाच व्हायला पाहिजे." पोरगं बिचारं घाबरून ह्यांना विचारायचं, "यार, सरांनी मला कशात मार्क दिले?"

पुण्याकडच्या एका पाहुण्यानं एकदा अडखळत विचारलं, "सर, तुम्ही गाई पाळता, आणि त्या मग... म्हणजे शेवटी..."

"शेवटी आपण सगळेच जातो," सर म्हणाले. "जिवंत होती तोवर पोटभर मिळालं का, एवढंच मी माझ्यापुरतं बघतो." आणि त्याच्या ताटात पोळी वाढली.

त्यांचा सगळा जीव पहिलारू कालवडींवर. पहिल्यांदा गाभण राहिलेल्या, दोन वर्षांच्या. त्यांना मोठ्या गाईंपासून वेगळं ठेवायचे, गव्हाणही वेगळी. "सासवांच्या पंगतीत सून बसवली की ती उपाशी उठते," म्हणायचे. "हिची स्वतःची हाडं अजून वाढतायत. पोटात वासरू वाढतंय. त्यात दुधाचे दात पडायचं वय, चावायचीही पंचाईत. आणि वासरू झालं की लगेच दूध द्यायचं, आणि दूध देता देता परत गाभण राहायचं. एवढं ओझं मोठ्या गाईवरसुद्धा नसतं."

मी हे चुलीपाशी बसल्यासारखी ऐकायची. ज्ञानाचं होतं, पण मला सगळं कळत होतं. असं क्वचित व्हायचं.

ओळख झाली ती पहिल्या हिवाळ्यात. मी घरामागे कपडे वाळत घालत होते. थंडीत कपडे दोरीवर कडक व्हायचे, पापडासारखे. सर कुंपणापाशी एका कालवडीच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे. मी आपली स्वतःशीच बोलले, "ही भरलीय. वाळलीय ती पलीकडची."

सरांनी मान वळवली. "काय म्हणालात बाई?"

मी पदर तोंडाला लावून घरात पळाले. ते मागोमाग दाराशी आले. "बाई, मी रागावलो नाही. कशावरून म्हणालात ते सांगा."

त्या दिवशी मला त्यांच्याबरोबर गोठ्यात जावं लागलं. माझ्या वडलांकडे दुसऱ्यांची गुरं राखायला असायची, माझं लहानपण त्यांच्या पाठीवर गेलं. मी एकेकीच्या पाठीवरून, खुब्यावरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवला. सर म्हणाले, एक ते नऊपर्यंत आकडा सांगा. मला आकड्यात सांगता येईना. मी म्हटलं, "ही सासुरवाशीण." म्हणजे मणके हाताला जपमाळेसारखे लागतात. "ही माहेरवाशीण." म्हणजे शेपटीशी चरबीच्या गाद्या.

"आणि ही?"

"ही माहेरपण आटोपून मोटारीत बसलेली." म्हणजे फासळी शोधावी लागते, पण शोधली की सापडते.

सर एवढे हसले की गाई मागे सरकल्या. मग त्यांनी डगल्यातून वही काढली आणि पेनानं तसंच लिहिलं. सासर, माहेर, मोटार. "बाई, विण्याआधी सगळ्यांना मोटारीत बसवायचंय. तुम्ही दर रविवारी यायचं."

घरी हे म्हणाले, "त्यांना स्वतःला कळत नाही का? एवढे डॉक्टर!" मलाही कोडं होतं. ते एक दिवस सुटलं. मी चहा दिला तो स्टीलच्या पेल्यात, उकळता. मला पदरानं धरावा लागला. सरांनी तो नुसत्या हातानं उचलला आणि धरून बोलत राहिले. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर झाली होती.

"कुणाला बोलू नका," सर म्हणाले. "विद्यार्थ्यांना मी हात लावून दाखवतो. त्यांना वाटतं, मला कळतं."

मी ह्यांनासुद्धा बोलले नाही.

सरांचं घड्याळ म्हणजे कालवडींचं जेवण. संध्याकाळी पाच. आजूबाजूचे शेतकरी सकाळी चारा टाकायचे, सर संध्याकाळी. "संध्याकाळी जेवली की बहुतेक करून दिवसा विते. मला झोप प्रिय आहे." लोक हसायचे, पण मार्च महिन्यात तेच लोक डोळे सुजवून फिरायचे आणि सर ताजेतवाने. ह्या पाच वाजण्यापायी आमची शिकागोची सहल झाली ती मी विसरणार नाही. तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूला, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांच्या रस्त्याला, जायला पाच तास, यायला पाच तास, मधे फक्त एक तास. त्या तासात मी पांढरी साडी, तूरडाळ आणि गोडा मसाला घेतला. जिलबी कढईत फुलत होती तेवढ्यात सरांनी घड्याळ दाखवलं. "बाई, तिकडे बाराजणी उपाशी आहेत." जिलबी राहिली. सर वाटेत म्हणाले, "पाक घट्ट नव्हता, काही गमावलं नाही." त्यांना गोड चालत नव्हतं, त्यांना काय कळणार!

दुसऱ्या हिवाळ्यात बारा कालवडी होत्या. त्यात कानात सतरा नंबरचा बिल्ला होता ती अंगानं लहान. सर नावं ठेवायचे नाहीत. "नाव ठेवलं की ट्रकमध्ये चढवता येत नाही," म्हणायचे. त्यांचा नियम कडक. पहिल्या वासरानंतर जी वेळेत परत गाभण राहिली नाही, ती ट्रकमध्ये. मी मनातल्या मनात तिला सतरी म्हणायची. चारा पडला की बाकीच्या अकरा मुसंडी मारायच्या आणि सतरी कोपऱ्यात उभी राहायची, सगळ्यांचं झालं की उरलेलं खायची. आमच्या मंडळींची जेवणं व्हायची तेव्हा मीही अशीच स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची.

आमच्या गावात पद्धत होती, शेवटच्या दोन महिन्यांत गाभण गाईचा चारा तोडायचा, म्हणजे वासरू लहान होतं आणि सुखानं सुटका होते. मी हे बोलले तेव्हा सर तापले होते. "उपाशी आईचं वासरू लहान होत नाही बाई, अशक्त होतं. आणि आईच्या अंगात कळा द्यायला जोर राहत नाही. वर चीक पातळ." ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. इतकं पक्कं, की मी उलट्या बाजूनं चुकले.

नाताळच्या आधीपासून मी रोज दुपारी कॉफीचे दोन मोठे डबे भरून मका सतरीला चोरून घालू लागले. ती मला बघून कोपऱ्यातून पुढं यायला लागली. माझ्या डगल्याच्या खिशात तोंड घालायची. मला फार बरं वाटायचं. फेब्रुवारीत माझ्या हाताला शेपटीशी गाद्या लागल्या. सर वही घेऊन शेजारी उभे. "सतरा?"

मी म्हटलं, "मोटारीत बसलीय."

सरांनी लिहून घेतलं. माझ्या हाताखाली माहेरवाशीण होती, आणि त्यांच्या बोटांना ते कधीच कळणार नव्हतं. मार्चमध्येही मी तेच सांगितलं.

अकराजणी व्याल्या, सगळ्या उजेडी. सतरी राहिली. चौदा एप्रिलला सर दरवर्षी शेतावर जयंती करायचे. दूरदूरहून आपली माणसं गाड्या घेऊन यायची. धान्याच्या मोठ्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांवर पांढऱ्या चादरी घालून बैठक. मी डेव्हनची पांढरी साडी नेसले होते. वंदना झाली, पहिलं भाषण सुरू झालं आणि गोठ्याकडून आवाज आला. सतरी कधी ओरडत नसे, म्हणून मी ओळखलं.

दोन तास झाले तरी फक्त खुर दिसत होते. गुरांची डॉक्टरीण आली. उंच, गोरी, तरुण बाई. तिनं हात घालून बघितलं आणि मान हलवली. वासरू वाटेत मावत नव्हतं. तिनं सतरीच्या डाव्या कुशीचे केस काढले, सुई टोचली आणि उभ्या उभ्या पोट कापलं. कोठारातली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत कुंपणाला ओळीनं उभी. भाषण करणारे गृहस्थ कागद हातात धरून तसेच.

डॉक्टरणीनं कापलेल्या जागी दोन बोटं धरून चरबीचा थर दाखवला आणि सरांना काही विचारलं. मला इंग्रजी येत नाही, पण "फॅट" मला कळलं आणि "कॉर्न" कळलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदाच. मग ते टाय खांद्यावर टाकून वासराचे पाय ओढायला लागले.

वासरू निघालं ते मोठं थोरलं, निपचित. सरांनी त्याला उलटं धरलं, नाकात काडी घातली. "शिंक रे. शिंक की, एवढी माणसं आलीत तुझ्यासाठी." ते शिंकलं. मग जी टाळी पडली तशी कुठल्या भाषणाला पडली नसेल. नागपूरच्या एक ताई माझ्याशी कधी फार बोलत नसत. त्या माझ्या गळ्यातच पडल्या. म्हणाल्या, "वहिनी, आता खरवस करा!" सर टाके धरता धरता तिकडून ओरडले, "चीक वासराचा! एक थेंब कुणाला मिळणार नाही!"

सगळे हसत होते. मी हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी गेले. ह्यांना बरोबर घेतलं, एकटीनं धीर होईना. सर चारा टाकत होते. मी म्हटलं, "सर, मी घालत होते."

"काय?"

"मका."

"किती?"

"रोज दोन डबे."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

सरांनी फावडं टेकवून ठेवलं. "बाई, मका घातला तो मायेनं घातला, ते मला कळतं. जनावराला माया जास्त झाली, असं होतं. पण मी विचारलं तेव्हा हात खोटा बोलला. माझ्याकडे दुसरा हात नाही, हे तुम्हाला एकटीला ठाऊक होतं."

पायाशी सतरीचं वासरू बूट चाटत होतं.

"डॉक्टरणीचे दोनशे दहा डॉलर झाले. कोण देणार?"

हे घाईनं म्हणाले, "सर, मी चेक देतो ना."

"तुम्ही कशाला? हात तुमचा नव्हता."

"मी देईन," मी म्हटलं.

"द्या. सवडीनं द्या, पण पूर्ण द्या. आणि सतरा नंबर आता तुमच्याकडे. जूनमध्ये वळू सोडणार. सप्टेंबरात तपासणी. रिकामी निघाली तर ट्रक. नियम तोच."

त्या उन्हाळ्याइतकं कष्टाचं आणि मजेचं दुसरं काही मला आठवत नाही. पोट कापलेलं, त्यात दूध. सतरी बघता बघता वाळली. सर म्हणाले, "आता घाला मका. पोटात वासरू असताना घातला तो चरबीत गेला, आता दुधाला लागेल. पण मोजून, आणि वाढवायचा तो हळूहळू." चांगला लसूणघास कुठला हे त्यांनी मला शिकवलं. काडी मोडून, वास घेऊन, पानं हातात चुरून. ते स्वतः चावूनही बघायचे. मी तिला वेगळ्या गव्हाणीत खाऊ घालायची आणि ती खाईपर्यंत काठी घेऊन उभी राहायची. बाकीच्या जवळ आल्या की मी ओरडायची. मी, ओरडायची! हे दारातून बघून हसायचे.

रविवारचा हातही चालू राहिला. सर विचारायचे, मी सांगायची, ते लिहायचे. फक्त आता पेन्सिलनं. पेन खिशात असायचं, पण माझं सांगणं पेन्सिलनं.

पैशाचं कसं करायचं? मला तिथं नोकरीची परवानगी नव्हती, आणि ह्यांचे पैसे चालणार नव्हते. पण आयोवात सोड्याचा, म्हणजे कोकाकोलासारख्या थंड पेयाचा, रिकामा पत्र्याचा डबा दुकानात परत दिला की पाच सेंट मिळायचे. मी डबे वेचायला लागले. उन्हाळ्यात थोडे, मग शनिवारचे फुटबॉलचे सामने सुरू झाले आणि गाड्या लावायच्या मैदानावर डब्यांचं पीकच आलं.

हे आधी चिडले. "लोक काय म्हणतील? पीएचडीवाल्याची बायको डबे वेचते?"

"पीएचडी तुमची, कर्ज माझं," मी म्हटलं. एवढं उलट उत्तर मी लग्नानंतर पहिल्यांदा दिलं. पुढच्या शनिवारी हे दुसरी पिशवी घेऊन माझ्याबरोबर आले.

दर आठवड्याला मी नाणी सरांच्या टेबलावर ठेवायची. ते मोजून घ्यायचे, वहीत लिहायचे आणि पावती द्यायचे. एक सेंट कधी सोडला नाही. नागपूरच्या ताई म्हणाल्या, "एवढे मोठे प्रोफेसर! वहिनींना माफ करायला काय जातं त्यांचं?" मला मात्र त्यांचं घेणं आवडायचं. आजवर माझी चूक झाली की लोक "जाऊ द्या, तिला काय कळतं" म्हणून सोडून द्यायचे. सरांनी सोडली नाही.

सप्टेंबरअखेर तपासणी झाली. तीच उंच डॉक्टरीण, खांद्यापर्यंत हातमोजा. एकेक कालवड लोखंडी पिंजऱ्यातून पुढं जात होती. सतरीच्या वेळी मी डोळे मिटले. डॉक्टरणीचा हात आत, आणि किती वेळ काही आवाजच नाही. मग ती काहीतरी एकच शब्द बोलली. मी डोळे उघडले तर सर टाय नीट करत होते.

"बाई," ते म्हणाले, "ट्रक रिकामा जाणार."

मी सतरीच्या पाठीला मिठी मारून रडले. शेणानं भरलेली शेपटी तिनं माझ्या तोंडावर मारली ती बसली बरोबर.

शेवटचा सामना नोव्हेंबरात झाला. सोमवारी सर मला त्यांच्या जुन्या ट्रकमधून दुकानात घेऊन गेले. सगळे डबे देऊन नाणी हातात आली. सरांनी ट्रकच्या पुढच्या फळीवर वही ठेवून हिशेब केला. "दोनशे नऊ डॉलर पंच्याण्णव सेंट."

"पाच सेंट कमी?"

"पाच सेंट कमी."

त्यांच्या पायाशी त्यांचाच बिनसाखरेच्या सोड्याचा रिकामा डबा लोळत होता. मी त्याच्याकडे बघितलं. सरांनी बुटानं तो स्वतःकडे ओढून घेतला. "हा माझा आहे."

आम्ही परत निघालो. बर्फ भुरभुरत होतं. मी खिडकीला नाक लावून रस्त्याच्या कडेचा चर बघत होते. अर्ध्या वाटेवर काहीतरी चमकलं. "सर, थांबा!"

त्यांनी करकचून ब्रेक मारला. मी साडीवर डगला सावरत चरात उतरले, गुडघाभर गवतात हात घातला आणि डबा काढला. चेपलेला होता. मी तो ट्रकमध्ये बसून फुंकून, दाबून सरळ केला. सरांनी गाडी वळवली आणि आम्ही पाच मैल परत दुकानात गेलो. पाच सेंटसाठी किती पेट्रोल जळालं ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.

दुकानातल्या पोरीनं गल्ल्यातून नाणं काढून दिलं. मी ते सरांच्या तळहातावर ठेवलं. त्यांना ते लागलं नसणार, म्हणून मी त्यांची बोटं मिटवली.

सरांनी वही उघडली. कानावरची पेन्सिल काढून ट्रकच्या खणात टाकली, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं. मला चौथीपुरतं वाचता येतं, तेवढं पुरलं. "पाच सेंट मिळाले. सर्व रक्कम पूर्ण फिटली."

मग घड्याळ बघून म्हणाले, "बाई, पाच वाजत आले. चला."